हुडुपांचे गाढे अभ्यासक

राक्षसांविषयी अधिकारवाणीने बोलू शकेल असा माणूस आख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होता आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. सातपूरच्या कामगार वसाहतीत आमची इमारत अगदी कडेची. पुढे मोकळं रान आणि रानापलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं. तळमजल्यावर आम्ही, आमच्या दारासमोर तात्यांचं दार, आणि जिन्याने वर गेलं की काका. काका एका कारखान्यात टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंड कातायचे. त्यांच्या लेथवरून उतरलेला नग तपासावा लागत नाही, असं त्यांचा फोरमन म्हणायचा. हे आम्हाला वडिलांनी सांगितलेलं, आणि वडील त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून, त्यामुळे माहिती पक्की. पण आम्हा मुलांच्या दृष्टीने लेथ हा काकांचा जोडधंदा होता. त्यांचं खरं काम हुडुपांचं.

हुडुप म्हणजे डोंगरात राहणारे राक्षस. ते काकांनीच शोधून काढले. त्यांच्या मुलाला, विजयला, लहानपणी गोवर आला आणि त्याला नऊ दिवस खाटेवर खिळवून ठेवायचं होतं, तेव्हा त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरातून पहिला हुडुप खाली उतरला. विजय बरा झाला, शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटलं आणि तो हुडुपांना कंटाळला. काका कंटाळले नाहीत. मी दहा वर्षांची होईपर्यंत हुडुपांची इतकी माहिती गोळा झाली होती की आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाशिक जिल्ह्याचीही तेवढी नव्हती. उंची नऊ फूट चार इंच. कान पळसाच्या पानाएवढे. शेपूट सव्वा हात आणि वर दोन सूत. एकदा मी वर्गात "हुडुप नावाची राक्षसांची जात" असं म्हटलं आणि घरी येऊन काकांना ते सांगितलं, तर ते कधी नव्हे ते नाराज झाले. म्हणाले, "जात नाय म्हणायचं. हुडुप लोक म्हणायचं."

हुडुपांबद्दल काही विचारलं तर ते गंमत म्हणून उत्तर ठोकून देत नसत. एकदा ते पहिली पाळी संपवून सायकलवरून येत होते आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून विचारलं, "काका, हुडुप घोरतो का?" ते सायकलवरून उतरले. सायकल स्टँडवर लावली. डबा हँडलला होता तो सरळ केला. मागून ट्रक आला, त्याने भोंगा वाजवला, काका जागचे हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आत्ता नाय सांगता येणार. मी चुकीचं सांगितलं तर तुम्ही पुढं दहा जणांना सांगणार." तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात हजर. आईला वाटलं साखर हवी असेल. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "घोरतो. पण एकटा असला की नाय घोरत," आणि जिना चढून गेले.

हे "तुम्ही" माझ्यासाठीच होतं. मी दहा वर्षांची होते, पण काका सगळ्या मुलांना अहोजाहो करायचे. "अहो नंदाताई, नाक पुसा." "अहो राजाभाऊ, त्या खांबावर चढू नका, तारा जिवंत हायत." दूधवाल्याची म्हैस दारात आडवी उभी राहिली की "सरका बरं बाई जरा" म्हणून वाट मागायचे, आणि म्हैस सरकायची. काकूंना या प्रकाराची लाज वाटे. त्यांनी एकदा माझ्या आईसमोरच नवऱ्याला झापलं, की पोरांना कसलं अहो, पोरं डोक्यावर बसतील. काका विडीकाडी काही ओढत नसत, त्यामुळे अवघडल्यावर हाताला काय काम द्यायचं हा त्यांना प्रश्न पडे. त्यांनी शर्टाची बटणं चाचपली आणि म्हणाले, "माझ्या बापाला आख्ख्या गावात कुणी अहो म्हटलं नाय. त्याच्या वाटचे सगळे शिल्लक राहिलेत. वाटतो आपले." त्यांचं गाव सिन्नर तालुक्यातलं. तिथून ते बुद्धाची एक तसबीर, काकू आणि एक पत्र्याची पेटी घेऊन सातपूरला आले होते, आणि गावाबद्दल ते यापेक्षा जास्त बोललेले मी त्यानंतर दोनदाच ऐकले. ते पुढे येईल.

दुसरं म्हणजे मोजमाप. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तसा ते व्हर्निअर ठेवत, केसाची जाडीही मोजणारा, स्वतः घेतलेला, रोज तेलाचा हात फिरवलेला. समोर आलेली वस्तू मोजल्याशिवाय त्यांना तिच्यावर विश्वास बसत नसे. बोरं मोजली, चपलेचा झिजलेला तळ मोजला, माझ्या पडलेल्या दुधाच्या दाताची रुंदी मोजून त्यांनी तो मला परत दिला. आमच्याकडे एकदा त्यांनी भाकरी खाल्ली. खाण्याआधी चार ठिकाणी व्हर्निअर लावला आणि आईला म्हणाले, "वहिनी, चारी बाजूंनी सारखी हाय. आमच्या मशीनवर एवढं जमत नाय सगळ्यांना." हे सर्टिफिकेट आईने पुढे वीस वर्षं पाहुण्यांना ऐकवलं.

हुडुपांसाठी त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडच्या रकान्यावर "जन्माचं" असं लिहिलेलं आणि उजवीकडच्या रकान्यावर "घरचं". सगळी खुबी या रेघेत होती. हुडुपांबद्दलची प्रत्येक गोष्ट काका नीट पारखून एका रकान्यात घालत. शेपूट डावीकडे. कान डावीकडे. भूक डावीकडे, कारण तीन टोपल्या भाकरी लागणारं पोट कोणी शिकवून येत नाही. खोटं बोलणं उजवीकडे. चोरी उजवीकडे. डरकाळी आधी डावीकडे होती, मग काकांच्या लक्षात आलं की हुडुपांच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, तर पोर दुसरं काय करणार, म्हणून ती तारखेसकट उजवीकडे हलवली. रागाचं काय करायचं ते ठरत नव्हतं. राग मधल्या रेघेवर बसला होता.

या रेघेला तात्यांचा कडाडून विरोध होता. तात्या गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले होते. पस्तीस वर्षं त्यांनी गाईंचे वाण पाहिले होते आणि माणसाकडेही ते आधी वशिंड आहे का अशाच नजरेने पाहत. "अहो, गीर गाईला तुम्ही राजवाड्यात बांधा, ती गीरच राहणार," ते म्हणत. "रक्त बोलतंच. तुमच्या हुडुपाला सोन्याच्या पाळण्यात घाला, एक ना एक दिवस तो माणूस खाणार." दर रविवारी सकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर हा वाद चाले. दोघेही हुडुपांबद्दल अशा तळमळीने बोलत की नवीन आलेल्या भाडेकरूला वाटावं, पलीकडच्या चाळीत हुडुपांचं एखादं कुटुंब राहत असावं आणि त्यांचं नीट चाललेलं नसावं.

एका उन्हाळ्यात तात्यांनी प्रयोग मांडला. कुठूनशी बदकाची पाच अंडी आणली आणि काकूंच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. चार पिल्लं निघाली. काका खूश होते. कोंबडी त्यांना माती उकरायला शिकवत होती आणि पिल्लं इमानाने उकरत होती. दहाव्या दिवशी सार्वजनिक नळाजवळ पाण्याचं डबकं साठलं होतं, तिथे कोंबडी पोरांना घेऊन गेली. पिल्लांनी पाणी पाहिलं आणि चारी ओळीने आत शिरली. कोंबडी काठावर बेभान होऊन ओरडत होती, आणि तात्या तिच्याशेजारी पंचा सावरत उभे होते. त्यांनी वरच्या खिडकीकडे मान करून शांतपणे विचारलं, "यांना कोणी शिकवलं?"

काका दोन रविवार खाली आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते वही घेऊन. म्हणाले, "पोहणं डावीकडं घातलंय. तुमचं बरोबर हाय. पण तात्या, रोज तिन्हीसांजेला कोंबडी हाक मारते तवा ती चारी पाण्यातनं बाहेर येत्यात आणि तिच्या पंखाखाली शिरत्यात. ते मी उजवीकडं घातलंय. तुम्ही बघा पटतंय का." तात्यांना पटलं नाही. पण त्या संध्याकाळी ते डबक्यापाशी उगाच रेंगाळत उभे होते, ते मी पाहिलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या वादात माझं स्वतःचं काहीतरी अडकलं होतं आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं. मला एक आत्या होती. ती येवल्याची. तिने नवऱ्याच्या अंगावर कढई फेकली आणि माहेरी निघून आली. कढई का फेकली हे आमच्या घरात कोणी बोलत नसे, फेकली एवढंच बोलत. माहेरी येऊन ती पैठणीच्या मागावर बसली आणि स्वतःचं पोट स्वतः भरू लागली, पण तेही कोणी बोलत नसे. मी काही आपटलं, फोडलं, उलट उत्तर दिलं, की आई म्हणायची, "आत्यावर गेलीस." रागाने नव्हे, काळजीने म्हणायची, आणि म्हणून ते जास्त लागायचं. एखादीला घारे डोळे असावेत तशी मला आत्या होती. रविवारी पायऱ्यांवर हुडुपाचं पोर माणूस खाणार की नाही हा वाद सुरू झाला की मी हातातली लगोरी टाकून तिथे जाऊन बसायची, ती हुडुपांच्या प्रेमाने नव्हे. निकाल काय लागतो याची मला धास्ती वाटायची.

त्या वर्षी वसाहतीच्या स्नेहसंमेलनासाठी काकांनी मुलांचं नाटक लिहिलं. हुडुपाचं एक तान्हं पोर डोंगरावरून घरंगळत गावात येतं, एक कुंभारीण त्याला वाढवते. पोर गुणी निघतं. गावातली बकरी नाहीशी होते, सगळे त्याच्यावर आळ घेतात, आणि शेवटी बकरी विहिरीमागे चरताना सापडते. हुडुपाच्या पोराचं काम मला मिळालं. माझा आवाज मोठा होता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. बकरीचं काम तात्यांच्या नातीला, शैलाला. संमेलनाचे अध्यक्ष तात्या, कारण वसाहतीत सकाळी दहा वाजता मोकळे असणारे पुरुष तेवढेच. त्यांनी नाटक वाचलं आणि फर्मान काढलं की शेवट बदला. हुडुपाने बकरी खाल्ली पाहिजे. लोकांनाही मजा येईल आणि ते खरंही असेल. काका म्हणाले, नाय. तात्या म्हणाले, मग रंगमंच मिळणार नाही. तालमी तरीही चालूच राहिल्या, कारण आम्हा मुलांना थांबा असं कोणी सांगितलंच नव्हतं.

अशाच एका दुपारी तालमीत शैलाने माझी शेपूट ओढली आणि म्हणाली, "तुला राक्षसाचं सोंग घ्यावंच लागत नाही. तुझ्या आत्याने नवऱ्याला भाजलं, तू आम्हाला भाजशील." पुढचं मला तुटक आठवतं. मी तिला मारलं. तिचा ओठ फुटला. रक्त पाहून ती ओरडण्याआधी मीच ओरडले. पाच मिनिटांत तात्या आमच्या दारात. म्हणाले, मुलगी नाटकात नको, हिच्यात ते आहेच. आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "काय करू तात्या, आत्यावर गेलीय." मी जिन्यात जाऊन बसले. मला वाटलं, लागला निकाल.

काका पहिल्या पाळीवरून आले तेव्हा त्यांना खालीच सगळं कळलं असावं. ते माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली बसले, डबा शेजारी ठेवला. मग कारखान्यात एखादा नग बिघडल्यावर विचारावं तसं विचारू लागले.

"कशानं मारलं?"

"हाताने."

"आधी काय झालं?"

"आधी मी दगड उचलला होता."

"केवढा?"

मी हाताने दाखवला. त्यांनी व्हर्निअर काढला नाही. "मग?"

"मग ठेवला."

"कुणी ठेवला?"

"मीच."

"कुणी सांगितलं ठेवायला? शैलाताई म्हणाल्या? कुणी हात धरला?"

"कोणी नाही."

काकांनी मान हलवली. समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "उचलला तो कुणाचा ते मला ठाऊक नाय. आत्याचा असंल, आजाचा असंल. ठेवला तो तुमचा." आणि थोड्या वेळाने, "हात उगारला ते मात्र वाईट झालं. उद्या जाऊन माफी मागायची."

ते उठले आणि तात्यांच्या दारात गेले. आमची दारं समोरासमोर, तेव्हा पुढचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तात्या म्हणत होते, "मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण रक्तात असतं ते जात नाही." काका म्हणाले, "तात्या, माणसाच्या पोराबद्दल हे मी दुसऱ्यांदा ऐकतोय. पहिल्यांदा ऐकलं तवा मी दुसरीत होतो. मास्तरांनी माझी पाटी लांबूनच बघितली आणि म्हणाले, या लोकांच्या रक्तात गणित नसतं. मी पाटी पुसून टाकली. उत्तरं बरोबर होती का, ते मला आजपत्तुर माहीत नाय." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "आता मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. रोज मोजतो. त्या मास्तरांनी माझी पाटी हातात घेतली असती तर कदाचित आणखी पुढं गेलो असतो, कदाचित नसतो गेलो. बघायचं राहून गेलं ते गेलंच. या मुलीचं बघायचं राहू नये एवढंच म्हणतो."

आतून तात्यांचा आवाज आला, "बसा की. उभे का."

दुसऱ्या दिवशी मी शैलाची माफी मागितली. तिने ओठ सुजलेला असल्यामुळे फक्त मान हलवली. आणि काकांनी शेवट बदलला. तात्यांनी सांगितला तसा नाही, पण आपला जुनाही ठेवला नाही. ते मला म्हणाले, "पहिला शेवट मी खोटा लिहिला होता. पोराला मोहच झाला नाय असं दाखवलं. मग त्याच्या गुणाला अर्थ काय राहिला?" या वेळी तात्यांनी रंगमंच अडवला नाही.

संमेलन जानेवारीत झालं. कँटीनची टेबलं जोडून रंगमंच केला होता. माझी शेपूट काथ्याची, वर गोणपाट शिवलेलं, आणि पडदा वर जायच्या आधी काकांनी ती टेपने मोजून सव्वा हात दोन सूत असल्याची खात्री करून घेतली. दाटीवाटीने माणसं बसली होती. बायकांमध्ये पहिल्या रांगेत आत्या होती. ती सकाळच्या एसटीने येवल्याहून आली होती, आणि तिला कोणी बोलावलं हे आई आणि काकू दोघीही सांगेनात. शेवटच्या प्रवेशात गाव गोळा होतं, बकरी सापडलेली असते, पण पाटलाचं काम करणारा राजाभाऊ हुडुपाच्या पोराला विचारतो, "खरं सांग, ही तू धरली होतीस की नाही?" मी पुढे आले. समोर बसलेली सगळी वसाहत मला ओळखत होती, शैलाचा ओठ कोणी फोडला तेही जाणत होती. मी म्हणाले, "भूक लय लागली होती. दात शिवशिवत होते. मी धरली होती. मग सोडली." एवढंच वाक्य होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला वाटलं नाटक पडलं. मग मागून कुठूनतरी सुरू झाल्या आणि थांबेचनात. बकरीच्या मुखवट्यातून शैलाही टाळ्या वाजवत होती, जे नाटकात नव्हतं. तात्यांनी पंच्याने नाक साफ केलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "खाल्ली असती तर जास्त रंगलं असतं." काका रंगमंचामागे पडद्याची दोरी धरून उभे होते. त्यांना बाहेर या म्हटलं तर येईनात. शेवटी माझ्या वडिलांनी त्यांना दंडाला धरून पुढे आणलं आणि माइकवर त्यांचं नाव घेतलं, नावापुढे श्रीयुत लावून. माझ्या वडिलांचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

घरी परतताना आत्या माझ्याबरोबर चालत होती. तिची बोटं रेशमाने कापून खरखरीत झालेली, तिने त्यांत माझा हात धरला होता. ती म्हणाली, "नंदे, मी सात वर्षं ती कढई खाली ठेवत होते. आठव्या वर्षी फेकली." मी हे काकांना सांगितलं. त्यांनी वही काढली, पेन्सिल ओली केली, पान उघडून बसले आणि शेवटी वही मिटली. म्हणाले, "हे कुठल्या रकान्यात घालावं ते मला कळत नाय."

अशी वर्षं गेली. मी शिकले, शिक्षिका झाले, पंचवटीच्या एका शाळेत लागले. वर्गात एखाद्या मुलाबद्दल कोणी म्हणालं, की याचे वडीलही असेच होते, तर मी म्हणते, त्याची वही इकडे द्या, मी बघते. हे मी कोणाकडून घेतलं ते सहकाऱ्यांना माहीत नाही. आमच्या इमारतीत काका राहत होते याचा तोरा मी अजून मिरवते, फक्त तो कशाचा आहे हे समजावून सांगायला वेळ लागतो.

शहाऐंशी साली विजयला मुलगी झाली. बारशाला मी गेले होते. बाळ पाळण्यात झोपलं होतं, डाव्या हाताचं कोपर डोळ्यांवर आडवं, उजवी मूठ हनुवटीखाली. काका पाळण्यापासून हलत नव्हते. मी जवळ गेले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "माझी आई अशी झोपायची." त्यांची आई रस्त्यावर खडी फोडायला जायची. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली आडवी व्हायची ती अशीच, कोपर डोळ्यांवर घेऊन. काका सात वर्षांचे असताना ती गेली. तिचा फोटो कोणी काढलेला नव्हता. "चेहरा मला आठवत नव्हता," ते म्हणाले. "किती वर्षं झाली, नुसतं लुगडं आठवायचं. काल ही अशी झोपली आणि मला तोंड दिसलं."

मग ते खाली तात्यांकडे गेले. तात्यांचं वय आता ऐंशीच्या घरात, कान गेलेले. काका म्हणाले, "तात्या, मी हरलो." तात्या म्हणाले, "काय?" काकांनी आणखी मोठ्याने सांगितलं. तिसऱ्या वेळेला आख्ख्या इमारतीने ऐकलं. बारा वर्षं या वाक्याची वाट पाहिलेले तात्या, सून नको म्हणत असताना गुडघे धरत धरत जिना चढून आले, पाळण्यावर वाकले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अहो, लहान मुलं झोपतातच अशी."

"नाय," काका म्हणाले. "सगळी नाय झोपत. हे तिचंच हाय."

"उबेसाठी हात घेतात तोंडावर. रक्ताचा काय संबंध?"

"संबंध हाय तात्या."

बाजू बदलून दोघे पाव तास भांडले. काकूंनी दोघांच्या हातात घुगऱ्यांच्या बश्या दिल्या तेव्हा थांबले. वाद हरलेला माणूस इतका समाधानी दिसलेला मी पुन्हा पाहिला नाही.

पुढचे काही महिने मी जेव्हा जेव्हा जायची, तेव्हा काका पाळीच्या वेळा सांभाळून पाळण्यापाशी बसलेले असत. बाळ झोपलं की कोणाला बोलू देत नसत. मग मुलगी पाच महिन्यांची झाली, पालथी पडायला शिकली, आणि पोटावर झोपू लागली, दोन्ही हात पसरून, सगळी मुलं झोपतात तशी. काकूंनी मला सांगितलं, की त्या दुपारी काकांनी तिला एकदा हलकेच उताणं करून पाहिलं. ती झोपेतच पुन्हा वळली. काका थोडा वेळ तिथेच उभे राहिले, तिच्या पाठीवरचं दुपटं सारखं केलं, आणि डबा घेऊन दुसऱ्या पाळीला गेले.